रायबोझाइम आणि एसआयआरएनए : सदोष संदेश तोडण्याचे दोन मार्ग
रोगकारक जनुकाचा संदेशवाहक आरएनए प्रथिन तयार होण्यापूर्वीच तोडणे, हे दोहोंचेही उद्दिष्ट आहे. फरक आहे तो तोडण्याचे काम कोण करते यात. रायबोझाइम हा स्वतःच विकराचे (एन्झाइमचे) काम करणारा आरएनए असून, थॉमस चेक यांनी १९८२ मध्ये टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात तो दाखवून दिला आणि १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना सिडनी ऑल्टमन यांच्यासह मिळाले. एसआयआरएनए, म्हणजे आरएनएचा छोटा तुकडा, स्वतः काहीच कापत नाही. तो आर्गोनॉट प्रथिनाला लक्ष्य दाखवतो आणि कात्री ते प्रथिन चालवते.

तत्त्वतः रायबोझाइम अधिक स्वावलंबी; पण त्याला आकाराची अचूक घडी आणि पुरेसे मॅग्नेशियम लागते, जे पेशीत मुक्त स्वरूपात कमीच असते. एचआयव्हीविरुद्ध रुग्णांच्या रक्तमूलपेशींत रायबोझाइमचे जनुक घालून चाचण्या झाल्या, उपचार सुरक्षितही ठरला, तरी परिणाम माफकच राहिला. एसआयआरएनएला पेशीची यंत्रणा आयती मिळते. त्यावर आधारित पॅटिसिरान या औषधाला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. औषध म्हणून आज माझा कौल एसआयआरएनएच्याच बाजूने आहे. मात्र सदोष संदेश नष्ट न करता त्याचा बिघडलेला भाग बदलून नवा जोडणे, हे टेट्राहायमेनाच्या रायबोझाइमला प्रयोगशाळेत साधले आहे, एसआयआरएनएला नाही.