तपकीर गल्लीतला वीजमापक आणि डोणज्यातले खुराडे

सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे गावात आमचे वीस गुंठ्यांचे छोटेसे शेतघर आहे. चाळीसेक कोंबड्या, एक विहीर, थोडी भाजी आणि तीन माणसे असा तिथला संसार आहे. एरवी महिन्याला १९० युनिटांच्या आसपास वीज लागत असे. गेल्या डिसेंबरच्या वापराचे बिल मात्र ३१२ युनिटांचे आले आणि घरात दोषी शोधण्याची मोहीम सुरू झाली. आईचे मत ठाम होते. "अरे, रात्रभर खुराड्यात दिवा जळतो, दुसरं काय होणार?" माझा संशय विहिरीवरच्या पंपावर होता. दोघांकडेही पुरावा नव्हता, म्हणून जानेवारीत बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन ९५० रुपयांना प्लगमध्ये बसणारा एक वीजमापक घेतला. हे परीक्षण त्या वस्तूचे आहे.

वस्तू साधी आहे. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये मापक खोचायचा आणि ज्या उपकरणाची वीज मोजायची त्याचा प्लग मापकात खोचायचा. छोट्या पडद्यावर व्होल्ट, अँपिअर, वॅट आणि आतापर्यंत खर्च झालेली युनिटे आळीपाळीने दिसतात. प्रतियुनिट दर भरला तर रुपयेही दिसतात, परंतु या सोयीचा आपल्याकडे फारसा उपयोग नाही. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० युनिटांना त्याच्या दुपटीच्या आसपासचा दर आणि ३०० च्या पुढे आणखी चढा दर लागतो. त्यावर वहन आकार (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा खर्च) आणि १६ टक्के वीज शुल्क असते. एक युनिट कितीला पडले, हे ते महिन्याच्या कोणत्या टप्प्यात पडले यावर ठरते आणि मापकाला ते कळण्याचा मार्ग नाही. (३०० ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, अशी समजूत आमच्या वाडीत सरसकट आहे. ती चुकीची आहे. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, म्हणजे आमच्या ३१२ पैकी केवळ १२ युनिटांना लागला.)

सर्वांत आधी आईच्या समाधानासाठी खुराड्यातला ९ वॅटचा एलईडी दिवा मोजला. रात्रीचे बारा तास तो लावला तरी महिन्याला तीन-सव्वातीन युनिटेच होतात. पुण्यात डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि अंड्यावरच्या कोंबडीला रोज चौदा ते सोळा तास उजेड लागतो, त्यामुळे खरी गरज चार तासांच्या जादा उजेडाचीच होती. आता आम्ही तो संध्याकाळी न लावता पहाटे टायमरवर लावतो. संध्याकाळचा दिवा एकदम विझला की दांडीवर न चढलेल्या कोंबड्या अंधारात खाली अडकतात; पहाटे ती अडचण येत नाही. खर्च महिन्याला सुमारे एक युनिटावर आला. रात्रभर दिवा ठेवण्यामागे मुंगसाची भीती होती, पण मुंगसाला जाळी अडवते, उजेड नव्हे, आणि जाळीचे काम त्याच आठवड्यात उरकून घेतले.

खरा भक्षक पिल्लांच्या खोलीत निघाला. डिसेंबरात एक दिवसाची ४५ पिल्ले आणली होती आणि त्यांना ऊब देण्यासाठी २५० वॅटचा लाल काचेचा दिवा तीन आठवडे अहोरात्र लावला होता. दुसरी खेप येण्याआधी तोच दिवा एक पूर्ण दिवस मापकावर ठेवला. पडद्यावर ५.७ युनिटे आली. रात्री आमच्याकडे दाब २१० व्होल्टपर्यंत उतरतो, नाहीतर आकडा सहाला पोहोचला असता. ५.७ ला २१ ने गुणले की १२० युनिटे होतात आणि डिसेंबरातली वाढ १२२ युनिटांची होती. इतका सरळ जमाखर्च मी आयुष्यात क्वचित पाहिला आहे. दर आणि शुल्क धरून त्या उबेची किंमत दीड हजार रुपयांच्या पुढे गेली होती.

वाईट याचे वाटले की पिल्ले हे आधीपासून सांगत होती. पिल्लांना थंडी वाजली की ती दिव्याखाली गोळा होऊन एकमेकांवर चढतात, आणि उष्मा झाला की कडेला सरकून चोच उघडी टाकतात. आमची पिल्ले दुपारभर पत्र्याच्या कडेला पंख पसरून, चोची उघड्या टाकून बसलेली असत आणि आम्हाला त्या वेळी ती मजेत पहुडलेली वाटत. कुक्कुटपालनात एका पिल्लामागे साधारण २ वॅट असा ढोबळ हिशेब आहे. ४५ पिल्लांना ९० वॅट पुरले असते, आम्ही २५० जाळत होतो.

जानेवारीच्या अखेरीस दुसरी खेप आली तेव्हा मांडणी बदलली. खोली तापवण्याऐवजी पिल्लांपुरतीच जागा तापवायची, एवढाच विचार केला. बांबूचे मोठे डालगे उपडे ठेवून त्यावर गोणपाट टाकले, खाली भाताच्या तुसाचा जाड थर दिला, आत ६० वॅटचे दोन जुन्या पद्धतीचे, तारेचे बल्ब टांगले आणि ते तापमान-नियंत्रकाला जोडले. (इथे एलईडी चालत नाही, त्याला पुरेशी ऊबच नसते. तारेचे बल्ब मिळवायला मात्र चार दुकाने फिरावी लागली.) पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस आणि पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी, असे तापमान ठेवले. दुपारी नियंत्रक आपोआप बल्ब बंद करी. मापकावर दिवसाला सरासरी १.३ युनिटे आली, म्हणजे तीन आठवड्यांची २७. जिथे १२० गेली तिथे २७. गोणपाट आणि तूस बल्बपासून किमान हातभर लांब राहील आणि बल्ब साखळीनेच टांगलेला असेल, एवढी काळजी मात्र कुणीही कमी करू नये. तूस पेटायला वेळ लागत नाही.

याच सुमारास आमची एक गावठी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली. आईने मला न विचारता तिच्याखाली बारा अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी अकरा पिल्ले निघाली आणि त्यांच्या उबेसाठी मापकात नोंदवण्यासारखे काहीच झाले नाही. दिव्याच्या बाबतीत आईचा अंदाज चुकला होता, त्याची परतफेड तिने अशी केली, आणि त्यानंतर महिनाभर आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला ती हा हिशेब ऐकवत होती.

मापकाने उघडकीस आणलेली दुसरी गोष्ट म्हणजे अंड्यांसाठी ठेवलेला जुना फ्रिज. तो दिवसाला १.४ युनिटे, महिन्याला ४२ युनिटे घेत होता. न धुतलेल्या अंड्याच्या कवचावर नैसर्गिक संरक्षक लेप असतो आणि थंडीच्या दिवसांत अशी अंडी आठवडाभर सहज टिकतात. आमची अंडी तर दर तीन दिवसांनी विकली जातात. ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात आता त्यांची सोय होते. फ्रिज फेब्रुवारीपासून बंद ठेवला. एप्रिलचे ऊन सुरू झाल्यावर तो पुन्हा लावावा लागला, हेही नमूद करतो. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स नुसता बंद दिसत असताना महिन्याला सहा युनिटे खात होता. आता त्याचे भिंतीवरचे बटणच बंद होते.

आता तक्रारी. मापकातली बटणाएवढी बॅटरी खोक्यातून काढली तेव्हाच मेलेली होती. त्यामुळे पहिल्याच गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली आणि फ्रिजची पाच दिवसांची नोंद पुसली गेली. बॅटरी बदलल्यावर हा त्रास थांबला, पण पुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही. पडदा सॉकेटच्या पातळीवर येतो, त्यामुळे फ्रिजमागचा आकडा वाचायला जमिनीवर आडवे व्हावे लागते. पाच वॅटच्या खालच्या भारावर विश्वास ठेवू नये. मोबाइलचा रिकामा चार्जर त्याला दिसतच नाही. सर्वांत गंभीर बाब दुकानदाराच्या सल्ल्याची आहे. "दोन किलोवॅटपर्यंत बिनधास्त चालवा, साहेब," असे त्याने सांगितले. मी जोड लावून २ किलोवॅटचा गिझर त्यावर घेतला. दहा मिनिटांत प्लास्टिकचा वास आला आणि सॉकेटच्या भोकाभोवती पिवळा डाग पडला. मापक सुखरूप होता, परंतु भिंतीवरचे सॉकेट ६ अँपिअरचे होते आणि गिझर त्यातून जवळजवळ ९ अँपिअर ओढत होता. दुकानदाराचे चुकले, त्याहून अधिक माझे चुकले. गिझर, पाण्याची मोटर असली अवजड उपकरणे या वस्तूने मोजू नयेत.

मोटरीसाठी फुकटची युक्ती आहे. महावितरणच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो, हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरातले बाकी सर्व बंद करून फक्त मोटर चालू केली आणि घड्याळ धरून मोजले, तर मिनिटाला ६३ वेळा, म्हणजे सुमारे ११८० वॅट. एक अश्वशक्तीच्या पंपाला हे वावगे नाही. वावगे होते ते टाकी भरायला लागणारे ७० मिनिटे. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या तळाची पाणी परत जाऊ न देणारी झडप, गळत होता. तो बदलल्यावर ४५ मिनिटांत टाकी भरू लागली आणि महिन्याची पंधराएक युनिटे वाचली. माझा पंपावरचा संशय अगदीच निराधार नव्हता, एवढे समाधान मी करून घेतले.

पिल्लांची दुसरी खेप असूनही फेब्रुवारीचा वापर १५६ युनिटे झाला, मार्चचा १३१. याचा एक परिणाम अनपेक्षित होता. डिसेंबरचे बिल पाहून छतावरच्या सौर संचासाठी एका विक्रेत्याने ३ किलोवॅट सुचवले होते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० आणि २ किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान मिळते, त्यामुळे मोठा संच आकर्षक वाटतो. परंतु आपल्याकडे एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिटे धरतात. ३ किलोवॅटची महिन्याला ३६० युनिटे आम्ही खर्च तरी कुठे करणार? आता आम्ही २ किलोवॅटचे दर मागवले आहेत आणि तेही जास्तच ठरतील, असे दिसते.

वस्तूला पाचपैकी चार गुण देतो. एक गुण त्या मेलेल्या बॅटरीचा आणि जमिनीवर आडवे व्हायला लावणाऱ्या पडद्याचा कापला. प्रत्येक घराने स्वतंत्र घ्यावी, अशी मात्र ती वस्तू नाही. आठवडाभरात तिचे काम संपते. आमची सध्या शेजारच्या काकांकडे अंडी उबवण्याच्या यंत्राला लावलेली आहे आणि ते रोज संध्याकाळी कुंपणापलीकडून आकडा ओरडून सांगतात.