कोर्स खरा, सर्टिफिकेट खरं, मग तक्रार कसली?

सगळ्यात आधी आकडा. २,२४३ अमेरिकी डॉलर आणि वर २२,००० थाई बाट. विमानाचं तिकीट यात धरलेलं नाही, ते धरलं की जास्तच चिडचिड होते. एवढे पैसे मी थायलंडला जाऊन परकीयांना इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यायला आणि त्यानंतरच्या 'हमखास' नोकरीसाठी मोजले. प्रशिक्षण झालं, सर्टिफिकेटही हातात पडलं आणि गोम तिथेच आहे. ज्याच्या ज्याच्याकडे तक्रार घेऊन गेले, त्याने त्या सर्टिफिकेटवर बोट ठेवून विचारलं, "मग तक्रार कसली?"

हे धंदे कसे चालतात ते तुम्हाला माहीत आहे. समुद्रकिनाऱ्याचे फोटो, पोरांच्या घोळक्यात हसणारे शिक्षक, 'या तुकडीत शेवटच्या दोन जागा', आणि कितीही वाजता मेसेज टाका, लगेच उत्तर देणारा 'सल्लागार'. मलाही माहीत होतं. म्हणूनच "एवढी शिकलेली असून कशी फसलीस" असं कोणी म्हटलं की डोक्यात तिडीक जाते. मी चौकशी केली होती. इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण देणाऱ्या कोर्सपैकी केंब्रिजच्या सेल्टाची माहिती काढली होती, ट्रिनिटीच्या सर्टटीसॉलची काढली होती. सेल्टा म्हणजे साधारण १२० तासांचं शिक्षण, खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तास शिकवायचं, आणि केंब्रिजने नेमलेला बाहेरचा परीक्षक येऊन तुकडी तपासून जातो. या शाळेच्या माहितीपत्रकातही १२० तास होते, सहा तासांचा सराव होता, 'बाह्य परीक्षक' होता, 'आंतरराष्ट्रीय मान्यता' होती आणि तळाला मान्यता देणाऱ्या संस्थेचा गोल शिक्का होता. दोन्ही कागद शेजारी ठेवून फरक काढून दाखवा बघू.

फरक इतकाच की हे नोकरीची हमी देत होते. आता कळतं की ती देताच येत नाही. व्हिसा आणि वर्क परमिट सरकारच्या हातात, शिक्षक ठेवायचा की नाही ते शाळेच्या हातात, मग मधला माणूस हमी देतो ती कशाची? आणि 'टेफल सर्टिफिकेट', म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट, या नावाला कोणी मालक नाही. कोणीही छापावं, कोणीही वाटावं. मान्यता आहे म्हणतात ना, ती कोणी दिली ते बघा, आणि त्या देणाऱ्याला कोणी विचारतं का तेही बघा. सेल्टा आणि सर्टटीसॉल इंग्लंडच्या ऑफक्वाल या परीक्षा-पात्रतांच्या सरकारी नियामकाच्या यादीत पाचव्या पातळीवर आहेत आणि ती यादी कोणालाही फुकट बघता येते. शिवाय सेल्टाला अर्जासोबत भाषेचे प्रश्न सोडवावे लागतात, मुलाखत होते, लोकांना नकारही मिळतो. माझ्या 'मुलाखतीत' कोणती तारीख सोयीची आणि पैसे कसे भरणार, एवढंच विचारलं. जो नकार देऊच शकत नाही, तो तुमची निवडही करत नसतो, हे लिहून ठेवा.

आता तो फोन. या एका फोनवर माझी झोप उडते.

मी त्या सल्लागाराला सरळ विचारलं होतं, "माझा पासपोर्ट भारतीय आहे, इंग्रजी माझी मातृभाषा नाही. नोकरी मिळायला याची अडचण येईल का?" इतक्या स्पष्ट शब्दांत. तोवर मागे कीबोर्डची टकटक चालू होती, ती थांबली. मग तो म्हणाला, "आमच्याकडे जगभरातून लोक येतात. मागच्या तुकडीत अकरा देशांचे होते." आणि लगेच खोलीचा विषय काढला, पंख्याची हवी की एसीची. मी एसीची सांगितली.

मी विचारलं होतं नोकरीचं, त्याने सांगितलं वर्गाचं. त्या वेळी ऐकताना ते उत्तरच वाटलं, आणि कोणालाही वाटलं असतं. समोरचा गोड बोलतोय, तुम्ही मनातून निघालेले आहात, बॅग कुठली न्यायची इथपर्यंत विचार पोचलाय, अशा वेळी वाक्याची उलटतपासणी कोण करतं? वकिलाने केली असती कदाचित. आणि गंमत अशी की त्या फोनवर तो एक शब्दही खोटं बोललेला नाही. पुढे एका अधिकाऱ्याने मला नेमकं हेच ऐकवलं. माझ्या पासपोर्टची प्रत त्यांनी जागा राखून ठेवतानाच मागून घेतली होती. म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

काय ठाऊक होतं ते सांगते. थायलंडमध्ये भारतीयांना इंग्रजी शिकवायची नोकरी मिळत नाही असं अजिबात नाही, मिळते. पण पदवी लागते, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशाचे असाल तर टोइकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात, आणि पुष्कळ जाहिराती सरळ 'फक्त नेटिव्ह स्पीकर' म्हणून असतात. उरलेल्या जागांना पगार कमी. माहितीपत्रकात पगाराचा आकडा मात्र नेटिव्हवाल्यांचा. त्याच पानावर दक्षिण कोरियाचा झेंडाही होता. कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुळात अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारताबरोबरच्या करारामुळे आपल्याला एक अरुंद वाट आहे, पण तिला शिक्षकाची रीतसर पात्रता लागते, चार आठवड्यांचा कोर्स तिथे कोणी विचारात घेत नाही. देशाचा झेंडा दाखवला की त्या देशाच्या व्हिसाचा नियम आपण स्वतः वाचायचा, सल्लागाराकडून ऐकायचा नाही.

पैसे कसे गेले तेही ऐका. जागा राखायला ४०० डॉलर, ते क्रेडिट कार्डावर. उरलेले कोर्सचे १,२९० आणि 'नोकरी हमी पॅकेज'चे ६५०, मिळून १,९४०. बँकेतून थेट पाठवले तर पाच टक्के सूट! ९७ डॉलर वाचतात म्हणून मी १,८४३ बँकेतून पाठवले. खातं शाळेच्या नावावर नव्हतं, दुसऱ्याच देशातल्या कुठल्याशा कंपनीचं होतं. विचारलं तर "आमचं हिशेबाचं काम तिथून चालतं" म्हणाले. मोठ्या संस्थांचं असं असतंच की, म्हणून मीही पुढे विचारलं नाही. कार्डावर भरलेल्या पैशांसाठी बँकेकडे निदान वाद घालता येतो, बँकेतून परदेशी पाठवलेले पैसे गेले ते गेले. ती सूट कशासाठी होती ते आता कळलं.

तुकडी जूनची दिली. थायलंडच्या शाळा मेच्या मध्याला सुरू होतात, दुसरं सत्र ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला. शिक्षकांची भरती त्याच्या आधी होते. जूनचा कोर्स संपेपर्यंत बहुतेक वर्गांना शिक्षक मिळून गेलेले असतात. मला सांगितलं, "मागणी वर्षभर असते."

वर्गातले पहिले काही तास बरे होते, खोटं कशाला बोलू. शिकवणारा माणूस जाणकार होता, त्यालाही पगार वेळेवर मिळत नव्हता हे नंतर समजलं. मग सरावाचा तास आला. माहितीपत्रकात लिहिलं होतं 'स्थानिक विद्यार्थ्यांपुढे प्रत्यक्ष अध्यापन'. माझ्यापुढे सहा जण बसवले. त्यातले चार माझ्याच तुकडीतले, 'प्राथमिक पातळीचे विद्यार्थी' असल्याचं नाटक करणारे. पाचवा शाळेचा ड्रायव्हर, मोबाइलवर. सहावी एक थाई मुलगी, तिची ओळख 'नवशिकी' म्हणून करून दिली. मी भूतकाळाचा पाठ घेत होते, चित्रं दाखवून वाक्य काढून घ्यायचं. चित्रांचा गठ्ठा माझ्या हातून खाली पडला. त्या मुलीने तो उचलला, टेबलावर ठेवून भराभर बरोबर क्रमाने लावला, आधी बाजार, मग बस, मग पाऊस, आणि माझ्या हातात दिला. कार्डांचे कोपरे मऊ पडले होते. दुपारी तीच मुलगी पुढच्या टेबलावर बसून माझ्याकडून खोलीच्या भाड्याची पावती सही करून घेत होती.

बाह्य परीक्षक? आला ना. व्हिडिओ कॉलवर, कॅमेरा बंद.

रोज सकाळी एक हजेरीचा तक्ता फिरायचा, सगळे सही करायचे. त्यात एक रकाना होता 'अध्यापन सराव पूर्ण'. मीही सही करत होते. हा तक्ता लक्षात ठेवा, पुढे येतो.

शेवटी ती हमखास नोकरी. शाळा नव्हती, एका मॉलमधलं शनिवार-रविवारचं शिकवणी केंद्र होतं. मी पर्यटक म्हणून आलेले. तिथे काम करायचं तर नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा आणि वर्क परमिट लागतं. केंद्राची बाई म्हणाली, "आधी सुरू करा, कागदपत्रं नंतर बघू." वर्क परमिटशिवाय काम करताना सापडलात तर परदेशी माणसाला ५,००० ते ५०,००० बाट दंड, देशाबाहेर रवानगी आणि पुढची दोन वर्षं परमिट नाही, असा तिथला कायदा आहे. मी नकार दिला. संध्याकाळी मेल आला: करारातल्या अकराव्या कलमाप्रमाणे एक संधी देण्यात आली, ती उमेदवाराने नाकारली, हमी पूर्ण झाली. कलम खरंच होतं. बारीक अक्षरात होतं, पण होतं. करार वाचताना 'हमी' शब्द कुठे आहे ते शोधू नका, हमी कधी संपते ते शोधा.

२२,००० बाटांचा हिशेब राहिला. १२,५०० खोलीचे, ती मिळाली. ९,५०० 'व्हिसा आणि कागदपत्र साहाय्य'. साहाय्य म्हणजे एक छापील फॉर्म, आणि लाओसमधल्या व्हिएन्तियानला जाऊन व्हिसा बदलून आणा असा सल्ला. बदलून घेण्यासाठी नोकरी देणाऱ्याची पत्रं लागतात, ती कोण देणार यावर चुप्पी.

आता ज्यांच्याकडे दाद मागितली त्यांच्याबद्दल. फसवणाऱ्याचा राग एका जागी असतो, यांचा रोज नव्याने येतो.

तिथल्या पोलीस चौकीत गेले. भाषांतराला ज्याला बसवलं तो माझी चार वाक्यं ऐकून अर्धं वाक्य पुढे सांगायचा. उत्तर आलं की हा खासगी करार आहे, वकील करा. वकिलाची पहिल्या भेटीची फी ऐकून मी उठले. भारतात परत आल्यावर इथल्या पोलिसांकडे गेले तर म्हणाले, घटना परदेशात घडली, तक्रार तिथेच करायला हवी होती. तिथे केली होती म्हटलं, तर त्याची पोच दाखवा. पोच दिलीच नव्हती! मग पैसे इथून गेलेत ना, असं मी म्हटल्यावर म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवलेत, ओटीपी कोणी चोरला का? म्हणजे चोर खिशात हात घालेल तेव्हाच गुन्हा. गोड बोलून तुम्हालाच हात घालायला लावलं तर तो तुमचा व्यवहार.

परदेशी नोकऱ्या लावणाऱ्या एजंटांना १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, म्हणून एका सरकारी कार्यालयात अर्ज केला. ते म्हणाले, ही शिक्षणसंस्था आहे, भरती एजंट नव्हे. शिक्षणाशी संबंधित दुसऱ्या कार्यालयात गेले तर ते म्हणाले, तुमची तक्रार नोकरीची आहे, शिक्षणाची नाही. ६५० डॉलर 'नोकरी हमी' अशी स्वच्छ पावती आहे माझ्याकडे. ती मी टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उलटी करून मागची कोरी बाजू पाहिली आणि परत दिली. का पाहिली देव जाणे.

मान्यता देणाऱ्या त्या गोल शिक्क्याच्या संस्थेला मेल केला. उत्तर आलं की आधी शाळेची अंतर्गत तक्रार प्रक्रिया पूर्ण करा. अंतर्गत तक्रार प्रक्रिया म्हणजे एक ईमेल पत्ता, आणि त्यावरून मला उत्तर देणारा माणूस तोच, कीबोर्ड थांबवणारा. प्रक्रिया पूर्ण करून पुन्हा लिहिलं, तर संस्था म्हणते आम्ही फक्त अभ्यासक्रमाला मान्यता देतो, नोकरीच्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही. आणि सरावाचं काय, तो तर अभ्यासक्रमातच आहे ना? त्यावर अजून उत्तर नाही.

कार्डाच्या ४०० डॉलरसाठी बँकेकडे वाद घातला, म्हटलं निदान एवढे तरी सुटतील. शाळेने पुरावा म्हणून काय पाठवलं असेल? तो हजेरीचा तक्ता. प्रत्येक दिवसापुढे माझी सही, 'अध्यापन सराव पूर्ण'. बँकेने प्रकरण बंद केलं. फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, सर्व्हिस तर तुम्ही घेतलीय." आता ती पाठ असल्यासारखी वाक्यं ऐकली की हसू येतं.

ज्यांनी आगाऊ रक्कम भरलीय आणि कोर्स अजून सुरू व्हायचाय, त्यांनी एवढं आजच करा. शाळेला मेल टाका, फोन नको. माझ्या या पासपोर्टवर, या पदवीवर, मागच्या वर्षात माझ्या देशाच्या किती जणांना वर्क परमिटसह नोकरी मिळाली, आणि त्यातल्या दोघांशी बोलता येईल का, एवढंच विचारा. सरावाला विद्यार्थी कुठून येतात तेही विचारा. "जगभरातून लोक येतात" असं काही उत्तर आलं तर पुढचा हप्ता थांबवा आणि कार्डावर भरले असतील तर लगेच बँकेला लेखी कळवा, मुदत उलटली की बँक ऐकूनही घेत नाही. आधीच तिथे पोचला असाल तर खोट्या वर्गांचे फोटो काढा, तारखेसह. आणि तो तक्ता फिरत आला की 'अध्यापन सराव' च्या रकान्यात सही करू नका, कितीही घाई करू देत.