जांभळा शाम्पू: काही महिने वापरल्यावर

घरी केस ब्लाँड करून पितळी झाक आली की पहिली खरेदी जांभळ्या शाम्पूची होते, आणि पंधरा दिवसांत तो कुचकामी ठरवला जातो. शाम्पू बरा आहे, फक्त जांभळा पिवळ्याला मारतो, नारिंगीला नाही. आपले काळे केस उजळताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे होतात. नारिंगीवर ब्लीच धुतलं तर अख्खी बाटली रिकामी करूनही ढिम्म फरक पडत नाही. तिथं निळा टोनर (ब्लीचनंतर नको ती झाक मारणारा रंग) लागतो, आणि त्यानं ॲश ब्राउन म्हणजे राखाडी तपकिरी येतो, ब्लाँड नव्हे.

ब्लाँड हवा तर केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका पिवळा यावा लागतो. एका बैठकीत तो आणायचा हट्ट म्हणजे केस तुटायला आमंत्रण; दोन-तीन बैठका धरा, मध्ये काही आठवडे सोडा. १ भाग ब्लीच पावडर, २ भाग २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर (पावडरीत मिसळायचं ६ टक्के पेरॉक्साइड), प्लॅस्टिकच्या वाटीत. ५० ग्रॅम पावडर दाट केसांना पुरत नाही, दुप्पट हाताशी ठेवा. मुळाशी बोटभर जागा सोडून सुरुवात करा. टाळूच्या उबेनं तिथं ब्लीच झपाट्यानं चढतं, म्हणून मुळं शेवटी. सांगलीच्या एप्रिलमध्ये पंख्याखाली पेस्ट वाळते आणि वाळलेलं ब्लीच काम थांबवतं. नारिंगी पट्टे बरेचदा त्यातूनच येतात. बटा फॉइलमध्ये गुंडाळा, दर १० मिनिटांनी एक पुसून बघा, पाकिटावरची वेळ ओलांडू नका.

फिका पिवळा आला की ओलसर केसांवर जांभळ्या छटेचा टोनर, १० व्हॉल्यूमसोबत, जास्तीत जास्त २० मिनिटं. पितळी झाक खरं तर तोच काढतो. जांभळा शाम्पू फक्त टोनरचा रंग टिकवतो: आठवड्यातून एकदा, ३ ते ५ मिनिटं. जास्त ठेवला तर कोरडी टोकं जांभळट होतात (टॉवेलही).

बोअरच्या जड पाण्यातले क्षार आणि लोह केसांवर बसून झाक परत आणतात. महिन्यातून एकदा आधी चिलेटिंग शाम्पू (हे क्षार काढणारा), मग जांभळा. आणि हळदीच्या कार्यक्रमाला जाताना केस ओढणीत घट्ट बांधा. ब्लीच केलेला केस हळद लगेच पितो.

आधी काळी मेंदी लावली असेल तर डोक्याला हात लावण्यापूर्वी कापलेल्या बटेवर ब्लीच लावून बघा. काही मेंद्यांत धातूंचे क्षार असतात. बट गरम झाली, वाफ आली किंवा ताणल्यावर तुटली, तर ती मेंदी वाढून कापली जाईपर्यंत ब्लीच नाहीच.