मुंबईत रोज नेसायला: सुती इरकल की महेश्वरी?

नागपूरहून मुंबईत बदली झालेल्या मैत्रिणी हमखास हा प्रश्न विचारतात. मी दोन्ही शहरांत साडी नेसून नोकरी केली आहे, तेव्हा अनुभवाचं तेवढं सांगते.

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, पण हवा कोरडी. घाम येतो तसा उडूनही जातो. खळ घातलेली सुती इरकल सकाळी नेसली की संध्याकाळपर्यंत निऱ्या जागच्या हलत नाहीत. जाडसर सूत उन्हाची झळ अडवतं. स्कूटरवर तोंडाला स्कार्फ बांधला की झालं. शिवाय सोलापूर-कोल्हापूरकडच्या आज्यांच्या अंगावर पाहिलेली ही साडी, वर खणाची चोळी. तिचा लळा सुटत नाही.

मुंबईत पारा 33-34 वरच असतो, पण हवा दमट, घाम अंगावरच राहतो. आणि मला नडली ती खळ. ठाण्याहून लोकलने निघाले की दादर येईपर्यंत निऱ्या मऊ पडलेल्या, कापड कमरेला चिकटलेलं. जून ते सप्टेंबर तर विचारू नका: घरातल्या दोरीवर साडी दोन-दोन दिवस ओलसर, खळीला कुबट वास, आणि तशीच कपाटात ठेवली की बुरशीचे ठिपके. बिनखळीची नेसून पाहिली, तर निऱ्या फुगतात आणि दिवसभर सावरत बसावं लागतं. ऑफिसच्या धावपळीत मला ते जमेना.

महेश्वरीत उभे धागे रेशमाचे, आडवे सुताचे, त्यामुळे खळीशिवायच तिला अंगचा ताठपणा असतो. गर्दीत पदर आवळून खोचता येतो, आणि पावसाळ्यातही पंख्याखाली रात्रीत वाळते. पारंपरिक बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा असतो, म्हणून साडी उलटीही नेसता येते. चिखलाच्या दिवसांत याचा मोठा आधार.

ती महाग पडते, हे खरं. पातळ असल्यामुळे त्याच रंगाचा परकर लागतो. कुणाला सुताचा जाड स्पर्शच आवडत असेल, तर माझं म्हणणं पटणार नाही कदाचित. डिसेंबर-जानेवारीत इथली हवा जरा कोरडी झाली की मीसुद्धा इरकल काढतेच. पण मुंबईसाठी सध्या एकच घेणार असाल, तर महेश्वरी घ्या. रंग मात्र फार फिका नको, घामाचे पिवळट डाग त्यावर राहतात.