सायनसच्या शस्त्रक्रियेआधी कोणती गोळी: मेटोप्रोलॉल की क्लोनिडीन?

दुर्बिणीतून होणाऱ्या सायनसच्या शस्त्रक्रियेत थोडे रक्त साचले तरी सर्जनला पुढचे दिसेनासे होते, आणि डोळ्याची खोबण व मेंदूचा तळ तिथून अगदी जवळ असल्याने असे न दिसणे धोक्याचे ठरते. म्हणूनच काही भूलतज्ज्ञ रक्तदाब नसलेल्या रुग्णालाही आधी रक्तदाबाची गोळी देतात. देवासहून इंदूरला नाकातला पॉलिप (आतल्या अस्तराची मऊ वाढ) काढून घ्यायला आलेल्या माझ्या मावशीचा पहिला प्रश्न साहजिकच होता, "मला कुठे बीपी आहे?"

मेटोप्रोलॉल हृदयाचे ठोके मंद करते, आणि इथे तेच हवे असते, कारण रक्त कमी वाहावे म्हणून नुसता दाब उतरवून भागत नाही. नायट्रोप्रुसाइडसारख्या रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या औषधाने दाब उतरतो, पण नाडी धावू लागते आणि रक्त झिरपतच राहते. क्लोनिडीन मेंदूवर काम करून दाब आणि नाडी दोन्ही खाली आणते, शिवाय गुंगी येऊन भुलीचे औषधही कमी लागते. मात्र रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 12 ते 16 तास लागतात, तर साध्या मेटोप्रोलॉलला 3 ते 7. त्यामुळे क्लोनिडीननंतर तोंडाला कोरड पडते, झोप रेंगाळते आणि उठताना चक्कर येऊ शकते. त्याच दिवशी घरी जायचे असेल, तर हा फरक लहान नाही.

तरीही माझ्या मते निर्णय फुप्फुसांवरून व्हावा. पॉलिप असलेल्या अनेकांना दमाही असतो, आणि मेटोप्रोलॉलने श्वासनलिका आवळण्याची भीती असते. अशा रुग्णाला क्लोनिडीनच बरे. नाडी मुळातच मंद असेल, तर दोन्ही टाळलेल्या बऱ्या.

हृदयाला संरक्षण मिळावे म्हणून इतर शस्त्रक्रियांच्या वेळी ही औषधे दिलेल्या दोन मोठ्या चाचण्याही ध्यानात घ्याव्यात. 2008 साली मेटोप्रोलॉलच्या 8,351 रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण मृत्यू आणि पक्षाघात वाढले; 2014 साली क्लोनिडीनच्या 10,010 रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही आणि दाब घसरण्याचे प्रमाण वाढले. ते रुग्ण हृदयविकाराचा धोका असलेले होते, त्यामुळे निष्कर्ष तरुण, निरोगी माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. साठीच्या मधुमेही रुग्णाने मात्र हा विषय भूलतज्ज्ञांकडे स्वतःहून काढावा. यांपैकी एखादी गोळी आधीपासून रोज चालू असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नये.

मावशीला लहानपणी दमा होता, हे चिठ्ठीवर कुठेच नव्हते. ते सांगितल्यावर मेटोप्रोलॉल खोडले गेले आणि क्लोनिडीन घेऊन ती त्या रात्री इंदुरातच राहिली.