आधी चिल्ला, मग कालसी

आमच्या ट्रॅव्हल्सवाल्याने पाठवलेल्या पहिल्या कार्यक्रमात कालसी नव्हतंच. हरिद्वार, राजाजीत एक सफारी, देहरादून, मसुरी आणि परत. फोन करून कालसी घालायला सांगितलं तर उत्तर आलं, "मॅडम, तिथे नुसता एक दगड आहे." मी चार वर्षांपूर्वी संध्याकाळच्या वर्गात ब्राह्मी लिपी शिकले, तेव्हापासून मला सम्राट अशोकाचे आदेश ब्राह्मीत कोरलेला तोच दगड बघायचा होता. शेवटी मसुरी काढली आणि कालसी घातलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी नणंद अशा दोघीच गेलो. वन्सं 68 वर्षांच्या, गुडघे दुखरे, पण दुर्बीण गळ्यातून खाली उतरत नाही.

राजाजी व्याघ्र प्रकल्पात जायला अनेक दरवाजे आहेत. आम्ही गंगेच्या पूर्वेचा चिल्ला घेतला आणि पुन्हा गेले तरी तोच घेईन. पार्क 15 नोव्हेंबर ते 15 जून एवढाच उघडा असतो. मार्चमध्ये काटेसावर फुललेली, सालाची जुनी पानं गळून खाली सडा पडलेला, त्यामुळे एरवी दाट असणारं जंगल थोडं आतपर्यंत दिसतं. सकाळी ड्रायव्हर उशिरा आला आणि आमचा पहिला अर्धा तास बुडाला. जंगलात हाच अर्धा तास सगळ्यात मोलाचा असतो, म्हणून ड्रायव्हरला आदल्या रात्री फोन करून वेळ पक्की करा.

बाकी सगळी कसर आमच्या गाइडने भरून काढली. चिल्लाजवळच्याच गावातला मुलगा. इतर जिप्सी वाघाच्या मागे धुरळा उडवत निघून गेल्या, तेव्हा त्याने आम्हाला एका कोरड्या नदीपात्राच्या काठावर थांबवून इंजिन बंद करायला लावलं. शिवालिकच्या पायथ्याशी अशी दगडगोट्यांची रुंद पात्रं जागोजागी आहेत, पावसाळ्यात भरून वाहतात आणि एरवी जनावरांचे रस्ते होतात. वीसेक मिनिटं काहीच नाही. वन्सं राजधनेश पक्षी शोधत होत्या. मग समोरच्या झाडीतून एक हत्तीण आली, तिच्या पोटाखाली पिल्लू, मागे आणखी चार. पात्र ओलांडताना पिल्लू गोट्यांवर अडखळलं, की हत्तीण थांबायची आणि तिच्याबरोबर अख्खा कळप थांबायचा.

भारतातल्या हत्तींच्या मुलखाचं वायव्येकडचं टोक जवळपास इथेच येतं. गंगेच्या पलीकडे, पश्चिमेला, याच प्रकल्पाचा मोतीचूर भाग. हत्ती पिढ्यान्पिढ्या इकडून तिकडे जायचे, पण मध्ये कालवा आला, रेल्वे आली, महामार्ग रुंद झाला. वाघांचीही तीच गत झाली. पूर्वेला चिल्ला भागात ते टिकले आणि पश्चिमेला जवळपास संपले. म्हणून डिसेंबर 2020 पासून कॉर्बेटमधून वाघ आणून मोतीचूरला सोडायला सुरुवात झाली. मोतीचूरजवळ महामार्ग खांबांवर उचललेला आहे, खालून हत्तींना जाता यावं म्हणून. दुसऱ्या दिवशी देहरादूनला जाताना आम्ही त्याच पुलावरून गेलो आणि दोघी खिडकीतून खाली बघत होतो. आम्हाला वाघ दिसला नाही. चितळांचे कळप आणि मोर मात्र इतके, की दुसऱ्या फेरीत वन्संनी मोरांसाठी दुर्बीण उचलणंही सोडलं.

देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेची 1929 ची इमारत भव्य आहे. लाकडाच्या संग्रहालयात खोडांचे आडवे काप बघण्यासारखे. त्याला दीड तास पुरे.

आता कालसी. देहरादूनहून चक्राता रस्त्याने साधारण 50 किलोमीटर, यमुना आणि टोन्स यांच्या संगमाजवळ. छोटी बाग, तिच्यात एक घुमटी आणि घुमटीत माणसापेक्षा उंच गारगोटीची शिळा. 1860 मध्ये जॉन फॉरेस्ट यांच्यामुळे ती अभ्यासकांसमोर आली. तिच्यावर सम्राट अशोकाचे चौदाही आदेश आहेत. आपल्या सोपाऱ्याला मिळाले ते आठव्या आणि नवव्या आदेशाचे तुकडे, इथे सगळे एका जागी. बाजूच्या अंगाला हत्तीची रेखाकृती आणि त्याखाली 'गजतमे', म्हणजे सर्वश्रेष्ठ हत्ती, अशी अक्षरं. तेराव्या आदेशात अंतियोग, तुलमय अशी ग्रीक राजांची नावं येतात. इथल्या भाषेत 'र'चा 'ल' होतो, म्हणून राजा इथे 'लाजा' आहे. पुस्तकात हे कितीदा वाचलं होतं, पण दगडावर 'लाजा' हे स्वतःच्या डोळ्यांनी लावल्यावर माझा आवाज कापला.

पहिला आदेश मी वन्संना बोट हवेत फिरवत वाचून दाखवला. राजाच्या मुदपाकखान्यात पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, आता तीनच मारले जातात: 'दुवे मजुला एके मिगे', दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीण तेही नेहमी नाही. पुढे तेही मारले जाणार नाहीत. वन्सं थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "परत वाच गं, मोरांचं."

म्हणून सांगते, क्रम उलटा करू नका. आदल्या दिवशी चिल्लाचे मोर बघितले नसते तर त्या ओळीत आम्ही इतक्या गुंतलो नसतो.

तिथे अक्षरं समजावून सांगायला आम्हाला कोणी भेटलं नाही. निदान पहिल्या आदेशाचा मराठी अर्थ कागदावर लिहून न्या आणि दोन तास हाताशी ठेवा. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत अर्धा तास लिहिला होता, तो मी ड्रायव्हरशी बोलून वाढवून घेतला. वेळ उरला तर जवळच्या जगतग्रामला जा, राजा शीलवर्म्याच्या अश्वमेधाच्या विटांच्या वेदी तिथे आहेत. बुकिंग करतानाच ट्रॅव्हल्सवाल्याकडून 'कालसी, दोन तास' असं लिहून घ्या.