वडिलांच्या शुश्रूषागृहातील समाजसेविका : नऊ महिन्यांचा अनुभव

पक्षाघातानंतर वडिलांना पुण्यातील एका शुश्रूषागृहात ठेवले, त्याला नऊ महिने झाले. जेवण बरे आहे, खोल्या स्वच्छ असतात, फिजिओथेरपी नियमित होते. मला लिहायचे आहे ते तेथील समाजसेविका ताईंच्या कामाबद्दल.

तिसऱ्या महिन्यात वडील पहाटे न्हाणीघरात घसरले. त्यांनी ते फक्त ताईंना सांगितले आणि मुलांना कळवू नका अशी गळ घातली, कारण कळले की रात्रीचा डायपर लागेल आणि पलंगाचे कठडे कायमचे वर राहतील, अशी त्यांना भीती होती. ताईंनी लगेच डॉक्टरांकडून तपासून घेतले, पण आम्हाला फोन केला नाही. दोन दिवस वडिलांची समजूत काढली आणि मग त्यांच्याच तोंडून आम्हाला सारे सांगायला लावले. मला फार राग आला होता. पैसे आम्ही भरतो, हेही मी बोलून गेलो. त्यावर त्यांनी एवढेच विचारले, "उद्या त्यांनी मला काही सांगणेच बंद केले, तर पुढच्या वेळी तुम्हाला कोण सांगणार?" आता रात्री पलंगाशेजारी कमोडची खुर्ची असते आणि डायपर लागत नाही. तरीही मुका मार लागला असेल, तर कुटुंबाला कळवायला एक तासही थांबू नये, हे माझे मत कायम आहे.

पुढे माझा भाऊ फ्लॅटचे बक्षीसपत्र घेऊन आला, तेव्हा ताई वडिलांशी एकांतात बोलल्या. सांभाळ करण्याची अट घालून मालमत्ता दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 नुसार न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते, हे त्यांनी वडिलांना समजावून सांगितले. वडिलांनी सही केली नाही. भाऊ अजून नाराज आहे; मला मात्र ताईंचे वागणे योग्यच वाटते.

उणीव आहे ती व्यवस्थेत. ताईंचा पगार व्यवस्थापन देते, त्यामुळे रात्रपाळीला माणसे अपुरी असल्याचे त्यांनी नातेवाइकांना सांगायचे की नाही, हा पेच त्यांच्यापुढे रोजचा आहे. तक्रारवही व्यवस्थापकांच्या खोलीत असते. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस तेथे कोणाच्या मदतीने जाणार? ती दिवाणखान्यात ठेवावी, असे पत्र आम्ही सात कुटुंबांनी दिले आहे.